खटाक् न झालेला फोटो

कसालच्या स्टँडवर बाळ मांडीवर झोपलं, तशी शेजारच्या बापलेकीची बोलणी संचिताच्या कानावर आली.

“पप्पा, डीएसएलआर पुरे. आता मिररलेस कॅमेरो घेऊया.”

“त्येका आवाज नाय गो शॅनन! माझो कॅमेरो खटाक् करता, तेवा बायलो धरललो दम सोडतत. नायतर लग्नघरात पुतळ्यासारख्यो उभ्यो रवतल्यो.”

“रवल्योच! काल आपोलिना आंटीकडे मी मैत्रिणीचो मिररलेस नेलंय.”

“मगे?”

“आंटीन दम धरल्यान, धरल्यान आणि शेवटाक फसकन हसली. तेवाच काढलंय. हो बघ.”

शॅननने पुढे केलेल्या फोनमधल्या फोटोकडे तिचा बाप ह्युबर्ट बघतच राहिला.

“आपोलिना अशी हसता? माका पंचवीस वर्सांत गावली नाय.”

“घेऊया मगे?”

“घे गो.”

त्याने फोन संचितापुढे धरला.

“बाय, हो फोटो बघ. माझ्या चेडवान काढल्यान.”