दिल्लीतला मुक्काम

लकडगंजातल्या तिकीट एजंटाकडे अस्मिता नंबराची वाट पाहत होती. समोर वामनराव आणि प्रयागबाई बसले होते, लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला निघालेले.

"दिल्लीत दोन दिवस थांबाचं आहे, भाऊ. तिथं माही ताई बिमार आहे," प्रयागबाई एजंटाला म्हणाल्या.

"चोवीस तासांच्या वर थांबलं तर भाडं दीडपट होते, काकू. नियमच आहे तसा."

"राहू दे वं. वापस येताना भेटू," वामनराव म्हणाले.

"तवापर्यंत ताई राहीन काय?"

वामनरावांनी एजंटाकडे पाहिलं.

"काकू, सकाळी दिल्लीत उतरा, दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. तेवढं याच भाड्यात बसते."

"म्हणजे एक रात्र भेटते न?"

"भेटते."

"मंग पुरे. तिले आता बोलता येत नाही. हात धरून बसाचं आहे फक्त."

अस्मितानं हातातला फोन बंद केला.

"हेच काढ गा," वामनराव म्हणाले. "अन् त्या रात्री मी बाहेरच्या खोलीत झोपतो. तुम्ही दोघी बहिणी बसा."