जोशीकाका आणि कड्यावरून पडलेला सुपरहिरो

चांगल्या कामात खोडा घालायला माणूस वाईटच असावा लागतो असं नाही, हे मला कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये कळलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना सुपरहिरो आले कुठून हे दाखवायचंच, असा मी ध्यास घेतला होता. म्हणजे चाळीसच्या दशकातली कृष्णधवल चित्रमालिका, बारा भागांची, दर शनिवारी एकच भाग. सेक्रेटरींनी बजावलं, "दुसऱ्या शनिवारी वीस माणसं आली नाहीत, तर हॉल योगावाल्यांना."

पहिल्या भागाच्या शेवटी मुखवटाधारी हिरो गाडीसकट कड्यावरून कोसळला आणि 'पुढचं पुढच्या आठवड्यात' अशी पाटी आली. सगळा हॉल ओरडला. मी मनात म्हटलं, जिंकलो!

शुक्रवारी स्नो सुरू झाला. शेजारच्या ओकव्हिल गावातल्या जोशीकाकांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "रस्ते वाईट आहेत, कोणी उगाच ड्राइव्ह करू नये. हिरो गाडी कोसळायच्या आधीच उडी मारतो. बाकी अकरा भागांची गोष्ट इंटरनेटवर मिळाली, ती खाली देत आहे." त्याखाली अख्ख्या ग्रुपचे जोडलेले हात.

शनिवारी हॉलमध्ये मी, प्रोजेक्टर आणि जोशीकाका. दाराशी योगावाले चटया घेऊन उभे.

"अहो काका, तुम्ही कशाला आलात? तुम्हाला तर सगळं माहीत आहे!"

"अरे, माझ्या गाडीला बर्फात न घसरणारे विंटर टायर्स आहेत," बूट झटकत काका म्हणाले. "आणि नुसतं वाचून काय होतंय? लाव लवकर, आठवडाभर जीव टांगणीला लागलाय."