उरेल तेवढं गरम पाणी

...आणि तांब्या अंगावर घेतला, तर गार! कोमट नाही हो, चक्क गार! डिसेंबर महिना, डोक्याला शिकेकाई चोपडलेली, डोळे घट्ट मिटलेले, आणि नळाला येतंय काय, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, रात्रभर थंडीत निजलेलं! मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात येऊन विचारलं, काय झालं म्हणून. आता तुम्ही म्हणाल, प्रियदर्शनीबाई, गीझर बिघडला असेल. अजिबात नाही! गीझर ठणठणीत. घरातला गीझर ठणठणीत आहे, आणि हीटर बसवायचा होता तो गाडीत. हीटर गाडीत, आणि गारठले मी घरात! ऐकलंय असं कधी? नाही ना? मग बसा, पहिल्यापासून सांगते.

तर सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं एकत्र कुटुंब. माणसं पाच, न्हाणीघर एक, गीझर एक, पंचवीस लिटरचा. आणि नंबर ठरलेले! पहिले माझे मोठे दीर, श्यामसुंदरभाऊजी. का? तर मोठे म्हणून. मग माझा नवरा केदार, का, तर त्याला ऑफिस. मग आमचा केयूर, का, तर त्याची कंपनीची बस. मग मी, का, तर... जाऊ द्या, मी चौथी. आणि शेवटी आनंदीवहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, माझी थोरली जाऊ. का? तर त्या पहाटेपासून ओट्याशी! चहा, पोळ्या, डबे. आणि साडेसात वाजले की गीझरचं बटण बंद, हा भाऊजींचा नियम. वहिनी न्हाणीघरात शिरायच्या पावणेआठला. आता करा हिशोब! पण त्यांची कधी तक्रार नाही. आणि आमच्या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की वहिनींना गारच पाणी आवडतं.

भाऊजी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. रिटायर झाले आणि चौथ्या दिवशी एक जुनी दहा सीटची व्हॅन घेऊन दारात उभे! म्हणाले, "आनंदी, हिचं घर करू. वर सोलर पॅनेल, आत पलंग, ओटा, छोटंसं न्हाणीघर. आणि तुला वेंगुर्ल्याचा समुद्र दाखवतो." आता हा समुद्र म्हणजे काय, माहितीये? लग्नात कबूल केलेला समुद्र आहे तो! चौतीस वर्षं झाली. आधी सासऱ्यांचं आजारपण, मग भाऊजींची शिफ्ट, मग वहिनींची शाळेतली नोकरी, मग आमच्या केयूरची दहावी, बारावी... समुद्र आपला तिथेच! दोघं मिळून कुठे गेलेच नाहीत हो ते. एकदा नारायणगावला गेले होते दोन दिवस, तेही कुणाच्या तरी बाराव्याला.

कसबा पेठेत जुनेद म्हणून आहे, पत्र्याचं, वेल्डिंगचं काम करतो. हात असा की पत्रा कापला तर कडेवरून बोट फिरवा, खरचटायचं नाही. त्याने व्हॅन उघडून घेतली. दोन महिन्यांत पलंग झाला, ओटा झाला, टपावर पॅनेलं चढली. आणि एका संध्याकाळी भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, निघायची तारीख सांगितली, आणि वहिनी वरण वाढता वाढता म्हणाल्या, "सकाळी साडेपाचला कढत पाण्याची अंघोळ मिळणार असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही आणि तुमची पॅनेलं जाऊन या."

अहो, या बाईने चौतीस वर्षांत अट म्हणून घातली नव्हती कसली! भाऊजी म्हणाले, "अगं, पण तुला तर गार पाणी आवडतं!"

वहिनी म्हणाल्या, "कोण म्हणालं?"

कोण म्हणालं? मी केदारकडे बघितलं, केदारने केयूरकडे, केयूरने मोबाइलकडे. कुणालाच आठवेना! वहिनींनी उरलेलं वरण वाढलं आणि त्या आत गेल्या.

झालं! दुसऱ्या दिवसापासून भाऊजी हीटरच्या मागे. शनिवार पेठेतल्या एका दुकानात गेले, मी होते बरोबर, पिशवी धरायला. दुकानदार पेपरातून मान वर न काढता, "बोला." "गीझर हवाय, गाडीत बसवायला." "गीझर भिंतीला लागतो. भिंत आहे?" "भिंत कशी असेल? गाडी आहे." "मग भिंत झाली की या." संपलं! पेपरचं पान उलटलं!

घरी आलो तर केदार म्हणतो, गॅसचा गीझर घे दादा, दोन मिनिटांत पाणी. जुनेदला विचारलं तर त्याने सरळ पाना खाली ठेवला. "काका, एवढ्याशा बंद खोलीत गॅस मी नाही बसवणार. काकींना परत पण आणायचंय ना?" केयूर म्हणाला, "काका, लिसन, डिझेल हीटर. युरोपमध्ये सगळे व्हॅनवाले तेच यूज करतात, लिटरली सगळे." भाऊजी म्हणाले, "ते रोज साडेपाचला अंघोळ करतात का, तेवढं विचारून ठेव." मग कुणीतरी म्हणालं, टपावर काळी टाकी ठेवा, उन्हाने फुकट तापते. तापते की! दुपारी दोनला तापते! दुपारी दोनला आमच्याकडे जेवणं होऊन ताटं घासलेली असतात. पहाटेपर्यंत ती टाकी राहणार होय गरम? बरं, साधा विजेचा गीझर लावावा, तर जुनेद म्हणाला, "बॅटरी एका अंघोळीत झोपेल. मग दिवा नाही, पंखा नाही, फ्रीज नाही. काकी अंघोळ करून अंधारात बसतील."

पण मार्ग काढला हो त्यानेच! म्हणाला, दुपारी पॅनेलं जास्तीची वीज करतात, ती फुकट जाते. अगदी लहान कॉइल घालू, चार तास हळूहळू तापू दे, आणि स्टीलच्या टाकीला बाहेरून हे एवढं जाड आवरण. थर्मासच समजा, अंघोळीचा. दुपारी तापवलेलं पहाटे कढत! भाऊजींनी त्याला मिठीच मारली, वेल्डिंगचा चष्मा आमच्या भाऊजींच्या नाकाला लागला. सगळं ठरलं. मग जुनेद वहिनींकडे वळून म्हणाला, "काकी, आता फक्त आकडा द्या. टाकी किती लिटरची? तुम्हाला गरम पाणी किती लागतं?"

वहिनी म्हणाल्या, "उरेल तेवढं."

"तसं नाही काकी, लिटरमध्ये."

"अरे, खरंच नाही रे माहीत. उरेल तेवढं घेते मी."

आता पत्रा कापायचाय! उरेल तेवढ्याची टाकी कशी कापणार? भाऊजींनी बाजूला घेऊन समजावलं, "आनंदी, माणसाला पंधरा लिटर पुरतात. मला पुरतात. पंधराची टाकी सांगू?" वहिनी म्हणाल्या, "सांगा. तुमचं झाल्यावर उरेल तेवढं." तो माणूस कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं ड्रॉइंग काढत होता हो! आणि बायको किती पाण्याने अंघोळ करते, हा आकडा नाही त्याच्याकडे! त्यात दुसऱ्या दिवशी जुनेद काय म्हणाला माहितीये? "काका, रात्री घरी बायकोला, परवीनला विचारलं, तुला गरम पाणी किती लागतं. ती म्हणाली, बचेगा उतना." आणि मग पत्र्याला पॉलिश करत बसला.

तर मग आला तो रविवार! भाऊजींनी बादलीला आतून लाल रंगाच्या रेघा मारल्या, पाच, दहा, पंधरा, आणि जाहीर केलं, आज आनंदी पहिली. हवं तेवढं पाणी घे, फक्त मोज. साडेसहाला वहिनी आत गेल्या. आम्ही रांगेत. केदार अंगाला तेल लावून, पंचा गुंडाळून, उभा. दहा मिनिटं... वीस मिनिटं... आतून गुणगुणण्याचा आवाज! वहिनी गातात? आमच्या घरात? सत्तावीस वर्षं मी त्या घरात आहे, मला माहीत नाही! चाळीस मिनिटं झाली, केदार दार ठोठावायला निघाला, तर भाऊजींनी त्याचा हात धरला. म्हणाले, "थांब." डोळे पाणावले होते हो त्यांचे. मी बघितलं, मग बघितलंच नाही असं केलं.

सव्वासातला वहिनी बाहेर! चेहरा लालबुंद, केसांना पंचा. भाऊजी पेन्सिल सरसावून, "किती?"

"मोजायचं राहिलंच की हो."

आणि त्या दिवशी शेवटचा नंबर कुणाचा? माझा! साडेसातला नियमाप्रमाणे बटण बंद, आणि पावणेआठला मी आत, शिकेकाई, तांब्या, किंकाळी... तोच हा रविवार! मी तशीच कुडकुडत बसले पाटावर. सुरुवातीला रागच आला, खोटं कशाला बोलू. पण मग तिसऱ्या तांब्याला वाटलं, अगं, तुझा हा एक रविवार. त्यांचे किती? आणि त्या सत्तावीस वर्षांत त्यांच्या आधी रोज आत कोण जात होतं? मीच की! लाज वाटली मला. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून सांगितलं बाहेर, पण लाजच वाटली.

दुसऱ्या खेपेला आकडा निघाला. तीन बादल्या! गार पाणी मिसळून, बरं का, पण तरी टाकी तीस लिटरची हवी. जुनेद म्हणाला, "एवढी टाकी बसेल, पण मग काकांचं घडीचं टेबल जाईल." ते टेबल म्हणजे भाऊजींचा जीव! समुद्रासमोर बसून चित्रं काढायची म्हणून सागवानी फळी शोधून आणलेली. भाऊजींनी ड्रॉइंगवर खोडरबर फिरवला, टेबल पुसलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "मांडीवर काढीन."

झाली गाडी तयार! पहिली चाचणी पानशेतला, धरणाच्या बाजूला. दोघं आदल्या दिवशी दुपारी गेले, टाकी तापायला लावली. आम्ही तिघं पहाटे चारला निघून पोह्यांचा डबा घेऊन हजर. का म्हणजे? बघायला नको? थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. भाऊजी गाडीबाहेर माकडटोपी घालून, खांद्यावर टॉवेल, एका पायावरून दुसऱ्या पायावर. साडेपाचला वहिनी आत. नळ सुरू झाला, खिडकीच्या फटीतून वाफ बाहेर आली, आणि केयूर ओरडला, "काका, इट वर्क्स!" भाऊजींनी त्याला गप्प केलं. आत गाणं सुरू झालं होतं.

मग मध्येच गाणं थांबलं. आतून हाक आली, "अहो, तुमच्यासाठी किती ठेवू?"

भाऊजींनी आमच्याकडे बघितलं, आणि दात वाजत असताना म्हणाले, "उरेल तेवढं."

आत नळ बंद झाला. लगेच! पाच मिनिटांत वहिनी बाहेर. मी म्हटलं, "अहो वहिनी, इतक्यात? गाणं पण अर्धं राहिलं!" तर म्हणाल्या, "निम्मं ठेवलंय त्यांना. माणूस बाहेर असं म्हणत उभा असताना पुढचा तांब्या घेववतो का गं?"

केदार पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडत बसला, लावत बसला. कारण चौतीस वर्षं त्या रोज न बोलता हेच म्हणत होत्या, आणि आम्हाला घेववत होतं! छान घेववत होतं!

भाऊजी आत गेले. आले ते कसे? छाती पुढे, मिशीवर थेंब, आणि काय म्हणावं माणसाने? "बघ आनंदी! बरोबर पंधरा लिटर! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, माणसाला पंधरा पुरतात!" वहिनींनी त्यांच्या हातातला ओला टॉवेल घेतला, पिळला, आणि मला म्हणाल्या, "आता वेंगुर्ल्यापर्यंत हेच ऐकत जायचंय मला." पण हसत होत्या हो.

आज सकाळी निघाले दोघं. निघायच्या आधी घरी अंघोळी. नंबर आता बदललेत, वहिनी पहिल्या, आणि दुसरा नंबर मी भांडून घेतलाय. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. आतून आवाज आला, "प्रिया, तुला किती ठेवू गं?"

आणि तुम्हाला सांगते, सवय मेली जात नाही... माझ्या तोंडून निघालंच होतं, "उरे—" जीभ चावली मी! ताठ उभी राहिले आणि ओरडले, "बारा लिटर! मोजून बारा!"

गाणं म्हणत म्हणत त्यांनी ठेवलं नऊ. पण कढत होतं हो!