पायातला समईदगड

बसा, बसा! सरकून बसा. मागची मंडळी चपलांवर डोळा ठेवून बसली आहेत, त्यांनी जरा इकडे बघावं. चपला जायच्या असतील तर जातील, आख्यान गेलं तर परत मिळायचं नाही!

आज एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तर लगेच देऊ नका, पचवून द्या. जे काम कोणाच्याही नजरेला पडणार नाही — कोणाच्याही! — ते चांगलं कशासाठी करायचं?

हं... पुढच्या काकांनी वर बोट केलं. देव बघतो म्हणून? वा! म्हणजे देवाला तुम्ही मुकादम करून टाकलात! तो बिचारा रात्रंदिवस वर उभा, खाली कोण टंगळमंगळ करतंय ते बघत! नाही काका, हे उत्तर चालायचं नाही. ऐका.

आजची गोष्ट पुराणातली नाही. मोबाईलमधली आहे. हसू नका! पोथीत बघता तसंच तुम्ही दिवसभर मोबाईलमध्ये बघता, मग मी तिथली गोष्ट सांगितली तर बिघडलं कुठे?

तर मोबाईलमध्ये एक खेळ आहे. त्यातलं जग सगळं ठोकळ्यांचं. डोंगर ठोकळ्यांचा, झाड ठोकळ्यांचं. गाय चौकोनी! माणूस म्हणजे हातपाय फुटलेलं खोकं. आणि या जगात करायचं काय? खणायचं आणि बांधायचं. पुन्हा खणायचं, पुन्हा बांधायचं. — आपण तरी दुसरं काय करतो?

या खेळात शिरला हणमंता धोत्रे. सोलापूरकडचा दगडकाम करणारा माणूस. चाळीस वर्षं छिन्नी-हातोडा चालवला. विहिरी बांधल्या, घाट बांधले, देवळं तर किती! पण आता हात थरथरायचे. बशी उचलली की अर्धा चहा पोटात, अर्धा सदऱ्यावर. दगडाला हात लावून दोन वर्षं झालेली. घरात बसून भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘ओळंबा चुकलाय.’ बायको म्हणायची, ‘तुमचाच चुकलाय!’

त्याची एकुलती एक लेक रेणुका. दिली बार्शीला, लिंबाजी चौगुल्यांच्या घरी. लिंबाजीचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. आता बघा, देवाला कशा गाठी मारता येतात! एक व्याही दगडवाला, दुसरा कापडवाला! एकाचं काम तीनशे वर्षं टिकायचं, दुसऱ्याचं वरात गेली की टेम्पोत. लिंबाजीची कमान पुढून राजवाडा. मागे जाऊन बघाल, तर बांबू, सुतळी आणि विडी ओढत बसलेला कामगार!

लग्नातच वाजलं. लिंबाजीने पोराच्या लग्नाला चाळीस फुटी कमान उभारली. हणमंताने कमानीला एक बोट लावून बघितलं. सवय हो! आणि भरल्या मांडवात बोलला, ‘व्याहीबुवा, हिच्याखाली फार वेळ उभं राहू नका.’ पाव्हणे हसले. आणि तासाभराने काय झालं? वारा सुटला, कमान बसली बँडवाल्यांवर! ढोलातून माणूस ओढून काढावा लागला. लिंबाजी म्हणाला, ‘याने नाट लावला!’ चार वर्षं दोघांत बोलणं नाही. सणावाराला निरोप जायचा, तोही रेणूच्या तोंडून.

आणि अशात रेणूला दिवस गेले.

आता आयाबायांनो, तुम्हीच सांगा, पहिलं बाळंतपण कुठं? माहेरी! हणमंताच्या बायकोने डिंक आणून ठेवला, खाट कसून घेतली. आणि लिंबाजी म्हणतो, ‘सून पाठवायची नाही. ज्या घरात माझ्या कामाची थट्टा होते, तिथं माझा नातू जन्माला येणार नाही!’ झालं! हणमंताने जेवण टाकलं. लेक घरी येणार नाही, या एका विचाराने तो माणूस दगडासारखा बसून राहिला.

रेणू मात्र बापाची लेक. तिने काय केलं? दोन्ही म्हाताऱ्यांच्या मोबाईलमध्ये तो ठोकळ्यांचा खेळ घातला आणि दोघांना एकाच जगात सोडलं. म्हणाली, ‘अण्णा, मामा, तुम्ही एकमेकांशी बोलू नका. माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या डोहाळजेवणाला मला या जगात एक देऊळ पाहिजे. दोघांनी मिळून बांधलेलं. पाव्हण्यांना टीव्हीवर दाखवणार आहे.’

पोटुशी बाई मागते आहे! नाही कोण म्हणणार?

मंडळी, हणमंताने पहिल्यांदा पडद्यावर बोट दाबलं, दगड फुटला, आणि त्याने हाताकडे बघितलं. थरथर नाही! म्हणजे हात थरथरतच होता हो, पण तिथला ठोकळ्याचा हात थरथरत नव्हता. दगड नेमका जाऊन बसला, रेषेत! म्हातारा कोपऱ्याकडे तोंड करून बसला आणि सदऱ्याने डोळे पुसले. बायकोला सांगितलं, डोळ्यात कचरा गेला. घरातल्या घरात कचरा!

या जगात एक दगड होता फार दुर्मिळ. खोल समुद्राच्या तळाशीच सापडायचा. निळसर, आणि आतून आपोआप उजळणारा. तेल नको, वात नको. हणमंताने त्याला नाव दिलं समईदगड. लिंबाजीने ते मोबाईलमधून ऐकलं आणि चार वर्षांनी पहिला शब्द व्याह्याशी बोलला. काय बोलला? ‘लाइटिंगचा खर्च वाचला!’

पण आणायचा कसा? एकट्याचं काम नव्हतं. एकाने दात काढून अंगावर येणारे मासे हाकलायचे, तेवढ्यात दुसऱ्याने दगड फोडायचा. आणि श्वास संपायच्या आत वर यायचं. पहिल्या दिवशी लिंबाजी मेला.

घाबरू नका! खेळात मेला. तिथं मेलं की माणूस आपल्या अंथरुणापाशी पुन्हा उठतो. आपल्याला चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरायच्या, याला थेट गादी! पण एक गंमत बघा. मेल्यावर जवळचं सगळं तिथंच पडतं. कुऱ्हाड, दगड, भाकरी, सगळं! हे मी तीस वर्षं टाळ वाजवून सांगतोय, तुम्हाला पटत नाही. खेळ बनवणाऱ्याने पोरांना एका मिनिटात पटवलं!

‘मासे हाकला म्हटलं होतं, व्याहीबुवा, त्यांना जेवायला वाढा नव्हतं म्हटलं!’

‘पाव्हणं, तुम्ही दगड फोडताय का त्याच्याशी गप्पा मारताय? माझा जीव जातोय हितं!’

‘दगडाची शीर बघावी लागते.’

‘ठोकळ्याला कसली आलीय शीर!’

असं करत महिनाभर दोघांनी तळ खरवडला. लिंबाजी सतरा वेळा मेला, हणमंता नऊ. पेटी भरली समईदगडांनी! आणि मग लग्नसराई लागली. लिंबाजी म्हणाला, ‘माझे दहा मांडव आहेत. बांधायचं तुम्ही बघा. दगड देवळाला झोकात लागला पाहिजे, म्हणजे झालं.’

हणमंता म्हणाला, ‘त्याची काळजी नको.’

इथं थांबा. हे वाक्य धरून ठेवा. लिंबाजीच्या डोळ्यांपुढे काय आलं? शिखर! निळं, झगमगतं, दहा कोसांवरून दिसणारं. आणि हणमंताच्या डोळ्यांपुढे? त्याला बापाने लहानपणी शिकवलेलं — ज्या दगडाकडे बघून तुझं मन हरखलं, तो पायात घाल. वजन तिथं येतं. वर काय, वर कोणताही दगड बसतो. दुसरं काही करता येतं, हे हणमंताच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याने खोल खड्डा घेतला, थरावर थर समईदगड भरला. वर साध्या दगडाचं जोतं. त्यावर काळं, देखणं, तोलदार देऊळ. एक दगड रेषेबाहेर नाही!

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. बार्शीच्या घरात साठ पाव्हणे. रेणू हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत. हणमंता आणि बायको दाराजवळ, पाव्हण्यांसारखे संकोचून बसलेले. लिंबाजी सगळ्यांना सांगत सुटलेला, ‘शिखराकडे बघा हां! डोळे दिपतील!’ टीव्ही लागला. देऊळ आलं.

काळं शिखर. एक ठिणगी नाही.

‘समईदगड कुठायत?’

हणमंता सहज म्हणाला, ‘पायात घातले.’

‘पायात?’ लिंबाजीचा आवाज चढला. ‘सतरा वेळा मेलो त्याच्यासाठी! पायात कोण घालतं? दाखव!’

‘पाया भरला की उकरायचा नसतो, व्याहीबुवा. त्यात लेक पोटुशी आहे.’

‘उकरायचा नसतो म्हणे! दगड दुसरीकडे लपवलास आणि वर शहाणपण? चोराच्या घरी माझी सून जाणार नाही. आज नाही, कधीच नाही!’

मंडळी, बघा त्या माणसाकडे. भरल्या घरात चोर ठरला. समोर लेक ओटी घेऊन बसलेली, तिच्या डोळ्यांत पाणी. चार दगड उकरले असते तर सुटला असता! बायको कानात म्हणाली, ‘अहो, खेळच तर आहे. दाखवून टाका.’ हणमंताचा अंगठा मोबाईलवर गेला... आणि मागे आला.

‘माझ्या हातून नाही व्हायचं गं.’

‘मग माझ्या हातून होतं!’ लिंबाजीने आपला मोबाईल काढला. ‘अर्ध्या देवळाचा दगड माझ्या मेहनतीचा. माझा मी नेतो!’ आणि उभ्या आयुष्यात जे केलं तेच तो करू लागला. मांडव उतरवायला लागला! जोत्याचा एक दगड, दुसरा, तिसरा. हणमंताने डोळे मिटून घेतले. खट् खट् खट्... साठ माणसं टीव्हीकडे बघतायत. जोतं संपलं. खालची माती संपली.

आणि घर निळं झालं.

पडद्यातून तो उजेड भिंतीवर, रेणूच्या हिरव्या चुड्यावर, म्हाताऱ्यांच्या तोंडावर! खाली खड्ड्यात थरच्या थर समईदगड. सांधा केसाएवढा नाही. अन् कोणीतरी ओरडलं, ‘अरे, वर बघा, वर!’

मंडळी, जोतं गेलं होतं. पण देऊळ? देऊळ हवेत! जसंच्या तसं, अधांतरी उभं! त्या खेळात वजन नावाची गोष्टच नाही हो. खालचं काढलं तरी वरचं पडत नाही. पाया लागतच नाही!

आधी एक पोरगी हसली, मग घर हसलं. लिंबाजी हसता हसता खाली बसला. ‘हणमंता! लेका, तुझ्या पायाची गरजच नव्हती! उगाच गाडलेस!’

हणमंताने डोळे उघडले. लटकत्या देवळाकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत असं बघितलं नव्हतं त्याने. तोंड उघडं. म्हणाला, ‘मला काय ठाऊक, पडत नाही ते? आणि ठाऊक असतं तरी... व्याहीबुवा, आधी ते बुजवा. उघडं बघवत नाही.’

लिंबाजीचं हसू तिथं थांबलं. उतरवणं त्याला येत होतं, आयुष्यभर तेच केलं. उतरवलेलं परत तसंच लावणं कधी केलं नव्हतं. त्याने मोबाईल धरला आणि एकेक दगड बसवायला लागला. चुकला की हणमंता म्हणायचा, ‘डावीकडं.’ पाव्हण्यांची पंगत खोळंबली. भात गार झाला. शेवटचा दगड बसला, निळा उजेड मिटला, घर पुन्हा साधं झालं.

मग लिंबाजी उठला. रेणूच्या सासूला म्हणाला, ‘सुनेची पिशवी भर.’

‘आत्ता? अहो, आजच?’

‘आजच. जिथं कोणी बघणार नाही, जिथं गरजसुद्धा नाही, तिथं हा खुळा माणूस सगळ्यात चांगला दगड घालतो. माझ्या नजरेआड माझी सून सांभाळायला मला असलाच खुळा पाहिजे.’ आणि हणमंताकडे वळून म्हणाला, ‘पाव्हणं, जेवून घ्या. आणि तिला रिक्षाने नेऊ नका. माझा टेम्पो आहे, गाद्या टाकून देतो!’

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर मिळालं? चांगलं काम कशासाठी? देऊळ पडेल म्हणून? नाही पडत, बघितलंत! देव बघेल म्हणून? देव त्या खेळात नव्हताच. मग कशासाठी? हणमंताला विचारलं असतं तर त्याला सांगताच आलं नसतं. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. तुम्हीही असे व्हा, एवढंच मागणं आहे. चांगलं केल्यावाचून करताच येऊ नये, असा हात तुम्हाला मिळो.

आता जरा वर बघा. आपल्या या सभामंडपात बारा पंखे आहेत. बाराही पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव! आणि पुढच्या काकांनी मघाशी मला चिठ्ठी पाठवली आहे. काय लिहिलंय? ‘महाराज, पंखा फिरला की नाव वाचता येत नाही. कीर्तन चालू असताना पंखे बंद ठेवावेत.’

घाम आला ना सगळ्यांना? मलाही आलाय. हे सगळं त्या नावासाठी!

देवळाच्या मागच्या बाजूला नव्या भक्तनिवासाचा पाया खणून ठेवलाय. त्यात दगड टाकायला माणसं हवी आहेत. नाव लागणार नाही. फोटो निघणार नाही. उद्या वरून माती पडली की तुमचा दगड तुम्हालासुद्धा सापडायचा नाही. टोपल्या तिथंच ठेवल्या आहेत. आरती झाली की मी तिकडे जाणार.

किती जण येताय, हात वर करायला सांगणार नाही. काका, पंखे लावा.