राखीच्या टेबलाचं चुकलेलं माप

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य चंद्रकुमार साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या सुतारकाम विभागाचे ज्येष्ठ निदेशक खेमराज कटरे सर, गंगावहिनी, आणि अर्जुनी मोरगावच्या आसपासच्या गावांतून वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी घनश्याम. सरांच्या हाताखाली अकरा वर्षं काम केलं. त्यांच्या गुणांविषयी आधीचे वक्ते बोललेच आहेत. मला फक्त एका टेबलाविषयी बोलायचं आहे.

आपल्या वर्गातली राखी आठवते ना? दोन वर्षांपूर्वी सिकलसेलच्या आजाराने गेली. अवघी एकोणीस वर्षांची. सागवानाच्या दोन फळ्यांचं टेबल तिने करायला घेतलं होतं. मधली फट रेझिनने, म्हणजे सुकून काचेसारख्या कडक होणाऱ्या रसायनाने, भरायची राहून गेली. तेरवी झाल्यावर तिची आई, सुशिलाबाई, धानाच्या लोंब्यांची झालर घेऊन आल्या. दिवाळीत राखीनेच विणलेली. म्हणाल्या, "सर, हे त्या फटीत बसवा. पोरीच्या हातचं एवढंच रायलं."

रेझिन मी ओतलं. डब्यावर वजनाचं माप लिहिलेलं होतं; मी घाईत रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर दोन्ही न तोलता पेल्याने मोजली. त्यात जानेवारीची थंडी. आठव्या दिवशीही बोट लावलं की पाकासारखं चिकटायचं. मी म्हणालो, "सर, वरून एक थर देऊन टाकू. कोणाले समजते?"

"खाली कच्चं ठेवून वरून चकचकीत कराचं? काऊन?" सर म्हणाले. "हे आता सुकत नाही. काढाच लागते."

काढायचं म्हणजे झालरीसकट. सर आधी सुशिलाबाईंच्या घरी गेले. मी मागे उभा. "बाई, माप चुकलं. झालर धड निंगल का नाही, सांगता येत नाही."

"कोणाच्या हातून चुकलं?"

"माह्या," सर म्हणाले.

आणि मी? मी चपलांकडे पाहत राहिलो.

पाच दिवस सरांनी गरम हवा देत, पटाशीने ते चिकट रेझिन खरवडलं. लोंब्या एकेक करून तुटत होत्या. शेवटी तळहाताएवढी झालर वाचली. मग फट थिनरने पुसली, वाळवली, घासली. या वेळी दोन्ही काट्यावर तोलून, आधी वाटीत थोडंसं करून पाहिलं, मग वाचलेली झालर बसवून फटीत ओतलं, खोलीत बल्ब लावून ऊब ठेवली. तिसऱ्या दिवशी नख उमटेना.

सुशिलाबाईंनी टेबलावरून हात फिरवला. "माही पोरगी अर्ध्यातच गेली," त्या म्हणाल्या, "आन् तुमी तिची झालरबी अर्धीच ठेवली." टेबल त्या घेऊन गेल्या. त्यानंतर सरांशी एक शब्द बोलल्या नाहीत. सर बाजारात दिसले तर त्या वाट बदलतात. सरांनी दोन वर्षं हे सोसलं, आणि मी त्यांना सोसू दिलं.

सर, हाताने खुणा करून मला बसवू नका. आज नाही.

सुशिलाबाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात. सकाळी मीच तुम्हाला हट्टाने घेऊन आलो. ते माप सरांचं नव्हतं. माझं होतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. झालरीची माफी मात्र सभागृहाकडे मागण्याजोगी नाही. ती द्यायची की नाही, हे सुशिलाबाईंनीच ठरवावं.