नात्यातला पेशंट

वॉर्डाबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या गळ्यात याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचं कार्ड होतं.

"दादाचा रिपोर्ट आला असेल ना गं? बघ की तुझ्या कॉम्प्युटरवर."

"मला दिसत नाही, आई."

"तुला? कुणाला काय दिसायचं ते तूच ठरवतेस ना इथं?"

"हो. डॉक्टरांना सगळं दिसतं. रिसेप्शनला रिपोर्ट आला का आणि कुणी, कधी उघडला, एवढंच. पेशंट नात्यातला असेल तर आपल्याला काहीच नाही."

"हे कुठलं खूळ?"

"लॅबमधल्या एकीनं जावेचा रिपोर्ट आधीच बघितला आणि घरी फोन करून रडली. तेव्हा नियम केला, मीच. दादा दाखल झाला त्या दिवशी माझी परवानगी मीच काढून टाकली."

"मग परत घे."

"त्याला साहेबांची मंजुरी लागते. ती अटही मीच घालून ठेवलीय."

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. जा, त्या रिसेप्शनवरच्या पोरीला तरी विचार."

मुलगी गेली आणि लगेच परतली.

"आलाय?"

"आलाय. डॉक्टरांनी उघडलाय."

"कधी?"

"मघाशी. ते इथून जिन्याकडे गेले ना, त्याच्या जरा आधी."

"इथून गेले?"

"तुझ्या समोरूनच गेले, आई."

"रोज थांबतात गं ते माझ्यापाशी."