घरच्या माणसाची नोकरी

पाणी राहू द्या काकाजी, पयले मले सांगा, बारा वर्षं झेंडा कोनं धरला? मी! सभेच्या सतरंज्या कोनं झटकल्या? मी! अन् नोकरी कोनाले लागली? टेकचंदले!... अरे, गेल्या वर्षापर्यंत समोरच्या पार्टीच्या जीपमधी बसून आमच्याच भाऊले भोंग्यावरून शिव्या देत होता तो!

तुमाले सांगतो, आमचे भूपेंद्रभाऊ म्हणजे मोठे पुढारी, फोन केला का सरकारी कचेरीत माणूस चिपकवूनच देतेत. दरवर्षी जातो मी, "भाऊ, माहं पाहा नं गा, वय निघून चाललं!" तं भाऊ खांद्यावर हात ठेवून म्हणते, "मनिष, तू तं घरचाच! लग्नाच्या पंगतीत पयले पाव्हणे जेवतेत का घरचे?" मले वाटे, हे बी खरंच हाय बाप्पा... अन् लागलो पुन्हा वाढाले!

गेल्या निवडणुकीत भाऊ म्हणते, "दिघोरीत टेकचंदच्या भाऊबंदांची चाळीस मतं हायेत, फोडून आण." गेलो. तो म्हणते, "मले काय भेटंल?" मी तं जोशात! छाती ठोकून म्हनलं, "ये आमच्यात, तुले शिपायाची नोकरी. माहा शब्द!"... आला नं गा तो! भाऊ निवडून आले, जागा निघाली एकच, अन् मागच्या सोमवारी ऑर्डर टेकचंदच्या हातात!

पळतच गेलो. "भाऊ, ते जागा माही होती! मार्चात माही वयाची अट संपते, मंग फारम बी कोनी घेत नाही!" तं भाऊच माह्यावर तापले! "काहून बे, तूच शब्द देला होता नं त्याले? माह्या मनिषचा शब्द खाली पडू देऊ? गावात तुही इज्जत राखली म्या!"

"अन् तुमी मले देला होता, तो शब्द?"

"अरे, तू तं घरचाच!"

डोळ्यात पाणीच आलं, खोटं कायले सांगू. घरी आलो तं रुपा, माही बायको, पेढा खाऊन राहिली. म्हणते, "टेकचंदभाऊजी देऊन गेले. म्हणे, मनिषभाऊसारखा शब्दाचा पक्का माणूस जिल्ह्यात नाही." माह्याबी हातावर एक ठेवला तिनं. खाल्ला... गोड होता लेकाचा!

आता ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, म्हणून भाऊनं मले तुमच्याकडे धाडलं. तं काकाजी, घरची नऊ मतं देऊन टाका, पोराची नोकरी पक्की समजा. माहा शब्द हाय, अन् माहा शब्द भाऊ खाली पडू देत नाहीत. फक्त एक करा... आमच्या पार्टीत जास्त दिवस राहू नका. घरचे होऊन जाल!